हिरव्या मोटारीचा माग

एप्रिल १९३८. ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड शहर, त्यातली ग्लेनव्हिल ही वस्ती. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात तुम्ही उभे आहात. खिशात एक डाइम आहे, दहा सेंटचं चांदीचं चिमुकलं नाणं. मंदीचं हे नववं वर्ष. न्यूयॉर्कमध्ये एवढ्या पैशात सबवेचा दोनदा प्रवास होतो. म्हणून इथे येणारी पोरं डाइम मुठीत घट्ट धरून येतात आणि मासिकांच्या मांडणीपुढे बराच वेळ घुटमळतात.

मांडणीत गुप्तहेरांची, काउबॉयांची, प्रेमकथांची मासिकं दाटीवाटीने लावली आहेत. त्यात एक मुखपृष्ठ नवं आहे. निळे घट्ट कपडे आणि पाठीवर लाल केप असलेला एक माणूस आख्खी हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतोय. खाली डाव्या कोपऱ्यात दुसरा एक जण दोन्ही हातांनी डोकं धरून थेट तुमच्याच दिशेने पळत सुटलाय. वर लिहिलंय ‘ॲक्शन कॉमिक्स’, अंक पहिला, जून १९३८. एप्रिलमध्येच जून छापलाय, कारण ती तारीख दुकानदारासाठी असते: तोवर अंक मांडणीत ठेवायचा, मग काढायचा. मोटार उचलणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर कुठेच नाही.

अंक हातात घ्या. आजच्या कॉमिकपेक्षा रुंद आहे. मुखपृष्ठ गुळगुळीत आणि चकचकीत, आतली चौसष्ट पानं वर्तमानपत्राच्या कागदाची, पाठीला दोन तारेच्या टाचण्या. शाईचा वास अजून ओला आहे. पहिली तेरा पानं सुपरमॅनची. हा सुपरमॅन उडत नाही, लांब लांब उड्या मारतो. एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीतून वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर फेकतो. मागच्या पानांत झटारा नावाचा जादूगार आहे, चक डॉसन नावाचा काउबॉय आहे. त्या काउबॉयच्या गोष्टीत रंग न भरलेलं एक पान आहे: रंगवा, फाडा, पाठवा, बक्षीस मिळवा. कितीतरी मुलं आजच रात्री खडू काढून बसतील. हे पान लक्षात ठेवा. पुढच्या शतकात ते पुन्हा भेटणार आहे.

ही तेरा पानं लिहिणारा जेरी सिगल आणि काढणारा जो शुस्टर, दोघंही याच वस्तीत वाढले, ग्लेनव्हिलच्या शाळेत शिकले. दोघंही आज तेवीस वर्षांचे आहेत. वर्तमानपत्रांना चित्रमाला पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा सुपरमॅन वर्षानुवर्षं परत पाठवला. गेल्याच महिन्यात, १ मार्चच्या चेकने, त्यांना पानाला दहा डॉलर या दराने १३० डॉलर मिळाले आणि त्या पैशात सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले. तो चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. विकायला काढलेल्या कागदाला एवढी किंमत आणि ज्यांनी त्यावर सही करून आपलं सगळं दिलं त्यांची आयुष्यं कोर्टकचेऱ्यांत झिजली, हे मला कधीच पचलेलं नाही.

आता तुमच्या मनात जे आलंय ते मला कळतंय. डाइम गल्ल्यावर ठेवावं, अंक कोटाखाली सरकवावा आणि घरी परतावं. पण या प्रवासात अंक सोबत नेता येत नाही. शेजारच्या पोराला तो घेऊन द्या आणि त्याच्या मागे चालत राहा. सुमारे २ लाख प्रती छापल्या आहेत. त्यातल्या आज जगात शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या कुठे गेल्या, हे पाहिल्याशिवाय उरलेल्यांची किंमत समजणार नाही.

काही तर इथेच संपतील. खपला नाही तो अंक दुकानदार पूर्ण परत पाठवत नाही. मुखपृष्ठाचा नावाचा भाग फाडून पाठवतो, त्याचे पैसे वळते होतात आणि उरलेला अंक रद्दीत जातो. जे विकले गेले ते खिशात दुमडून शाळेत जातील, गोट्यांच्या बदल्यात हात बदलतील, पावसात भिजतील, चुलीत जातील. यात वाईट काहीच नाही. दहा सेंटची वस्तू होती, वाचून झाली.

१९४३मध्ये या. अमेरिका युद्धात आहे. रस्त्यावर मुलं हातगाड्या ओढत दारोदार फिरतायत आणि जुना कागद मागतायत. वर्तमानपत्रं, पुठ्ठे, पत्रं, कॉमिक्स, सगळं एकाच ढिगात पडतंय. या कागदाची खोकी होतील आणि त्यांतून दारूगोळा, शिधा आघाडीवर जाईल. एक मुलगा आपली चळत गाडीत टाकताना सगळ्यात वरचा अंक उचलून एकदा चाळतो आणि पुन्हा ठेवून देतो. त्या अंकावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. हिटलरला ठोसा मारायचाय म्हणूनच तो अंक गाडीत जातोय. पुढे जेव्हा कोणी ‘आमच्या आईने टाकून दिले’ असं हळहळत सांगेल, तेव्हा हा मुलगा आठवावा. पुष्कळ अंक मुलांनी स्वतःच्या हाताने, अभिमानाने दिले.

पुढचा मुक्काम मात्र वेगळा आहे. २६ ऑक्टोबर १९४८, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं स्पेन्सर गाव. शाळेच्या पटांगणात मुलं जमली आहेत आणि मधोमध सुमारे २,००० कॉमिक्सचा ढीग आहे. शिक्षक आणि पालक यांच्या आशीर्वादाने मुलांनीच घरोघरी जाऊन तो गोळा केलाय. काडी ओढली जाते. चकचकीत मुखपृष्ठं आधी आक्रसतात, मग आतला कागद एकदम पेट घेतो. तुमच्या चेहऱ्याला झळ लागते. काही मुलं रडतायत. युरोपात पुस्तकांच्या होळ्या पेटल्या त्याला अजून पंधरा-सोळा वर्षंच झाली आहेत, त्या होळ्या पेटवणाऱ्यांशी लढून यांचे बाप परतले आहेत, आणि तरीही इथल्या मोठ्यांना काही खटकत नाही. डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनलाही असंच होईल. १९५४मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं कॉमिक्सवर आरोप करणारं पुस्तक येईल, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी होतील आणि घाबरलेले प्रकाशक स्वतःवरच सेन्सॉर बसवतील. त्या काळात घरात कॉमिक्स सापडणं ही लाजेची गोष्ट होईल.

पण त्याच वेस्ट व्हर्जिनियात, डोंगराळ भागातल्या एका घरात, देवदाराच्या लाकडी पेटीत त्या पहिल्या अंकाची एक प्रत पडून आहे. मालकाने ती १९३८मध्येच घेतली होती. पेटीत अंधार आहे, उंचावरची हवा थंड आहे. बाहेर काय जळतंय याचा तिला पत्ता नाही. ती तशीच चाळीस वर्षं राहील आणि मालकाच्या मृत्यूनंतरच बाहेर येईल. २०१४मध्ये ती ३२ लाख डॉलरला विकली जाईल.

या दोन जागांमधे उभं राहून मला जे म्हणायचंय ते म्हणतो. जुन्या अंकाची किंमत त्या अंकाने ठरवलेली नसते. जे जळले, लगदा झाले, फाटले त्यांनी ती ठरवलेली असते. पेटीतल्या प्रतीचे ३२ लाख हे त्या दीड-दोन लाख गेलेल्या भावंडांचं देणं आहे. आणि जे वाचले ते भाव वाढेल म्हणून कोणी जपले नव्हते. कोणी प्रेमाने ठेवले, कोणी ठेवून विसरला.

मधे एकदा आपल्या मुंबईत डोकावून या. १९६४. टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलंय आणि अमेरिकन वर्तमानपत्रांतला फँटम इथे येऊन मराठी मुलांचा वेताळ होतोय. कवटीची गुहा, डेंकाली, खुणेची अंगठी. १९९०मध्ये ही मालिका बंद पडेल. त्याआधीच कितीतरी घरांतले अंक तराजूत जातील. वाचनालयवाले पाठीला भोकं पाडून दोऱ्याने जाड बाइंडिंग घालतील, कडा कापून सरळ करतील, पानापानावर शिक्के मारतील. वाचणाऱ्यासाठी ती सोय होती आणि तिच्यामुळेच शेकडो मुलांच्या हाती वेताळ पोचला. संग्राहकाच्या हिशेबात मात्र कापलेली कड भरून येत नाही. तरी मला विचाराल तर त्या बांधीव खंडांना त्यांचा मान मिळायला हवा. आपल्याकडे अंक कसे वाचले गेले याचा तोच पुरावा आहे.

१९७०. टेनेसी राज्यात रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट नावाचा संग्राहक कॉमिक्सच्या भावांचं पहिलं दरपुस्तक काढतो. तोपर्यंत भाव म्हणजे टपालाने येणाऱ्या याद्या आणि घासाघीस. आता प्रत्येक अंकापुढे तीन रकाने आहेत: बरा, चांगला, कोरा. ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाच्या कोऱ्या प्रतीपुढे लिहिलंय ३०० डॉलर. लोक म्हणतात, एवढे कोण देणार?

उत्तर डेन्व्हरमध्ये आहे, १९७७ साली. इथे मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे.

एक साधं घर, त्याचं तळघर. घराचा मालक एडगर चर्च आयुष्यभर जाहिरातींची चित्रं काढत आला. आता तो थकलाय आणि घरची मंडळी घर रिकामं करतायत. त्यांनी कॉमिक्स घेणाऱ्या एका विशीतल्या दुकानदाराला बोलावलंय. त्याचं नाव चक रोझान्स्की, दुकानाचं नाव ‘माइल हाय कॉमिक्स’. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, म्हणून हे नाव. तुम्ही त्याच्या मागून जिना उतरता. तळघरातल्या कपाटाचं दार उघडतं आणि आत जमिनीपासून वर रचलेल्या चळतीच चळती. तो वरून एक अंक उचलतो, मग खालचा, मग त्याच्या खालचा. हे अंक तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत आणि पान उलटताना कागद कुरकुरत नाही, लवतो. पांढरा आहे. लाल रंग लाल आहे, निळा निळा आहे. मुखपृष्ठावर दिव्याचा उजेड आरशासारखा परततो.

चर्चने १९३७च्या सुमारापासून पुढे दीडेक दशक अंक घेतले. त्याला हवे होते ते चित्रांचे नमुने: घोडा कसा पळतो, विमान कोसळताना कसं दिसतं. बरेचसे अंक त्याने धड उघडलेलेही नसावेत. आडवे, घट्ट, एकावर एक ठेवले आणि तिथेच राहू दिले. अठरा ते बावीस हजार अंक.

ते का टिकले हे समजून घेतलं तर संग्रह करण्याचं निम्मं शास्त्र हाती येतं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यात लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि आम्ल कागदाचे धागे तोडतं. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. दमट हवेत टाचण्या गंजतात आणि गंज कागदात उतरतो. चर्चच्या कपाटात उजेड नव्हता, डेन्व्हरची हवा कोरडी आणि थंड, आणि चळतीच्या वजनाने पानांच्या मधे हवाच शिरत नव्हती. आज संग्राहक मायलरची पारदर्शक पिशवी, आम्लविरहित पुठ्ठा, अंधारी खोली आणि आर्द्रतामापक यांवर पैसे खर्चून जे साधतात, ते त्या कपाटात आपोआप घडलं होतं. कोकणात किंवा मुंबईत ज्यांनी पुस्तकं सांभाळली आहेत त्यांना या कोरड्या हवेचं मोल सांगायला नको.

रोझान्स्की हे अंक दरपुस्तकातल्या सर्वोच्च दरापेक्षाही चढ्या भावाने विकायला काढतो. जुने व्यापारी भडकतात. पण अंक जातात. घेणाऱ्याच्या लक्षात येतं की ‘कोरी प्रत’ म्हणून आजवर आपण जे पाहत होतो ते कोरं नव्हतंच. तेव्हापासून बाजाराचा कणा बदलला. कोणता अंक, या प्रश्नाइतकाच कोणत्या अवस्थेतला आणि कोणाच्या घरून आलेला, हा प्रश्न मोठा झाला. घराण्यांची नावं रूढ झाली. ‘चर्च’ किंवा ‘माइल हाय’ हे त्यातलं अव्वल घराणं. दुसरं ‘लार्सन’: नेब्रास्कातल्या एका गावात दुकानदार नेहमीच्या मुलासाठी अंक बाजूला काढून ठेवी आणि ओळखायला वर पेन्सिलीने त्याचं नाव लिही. मुखपृष्ठावरची पेन्सिल एरवी दोष मानली जाते. लार्सनच्या अंकावर ती दिसली की संग्राहकाचे डोळे चमकतात. मला या सगळ्या व्यवहारात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते: त्या मुलाची वाट पाहणाऱ्या माणसाचं अक्षर त्या अंकावर टिकून आहे आणि बाजारालाही ते पुसावंसं वाटलं नाही.

१९९२वरून झरझर जाऊ. १८ नोव्हेंबर, सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आलाय. काळ्या पिशवीत बंद, आत दंडाला बांधायची काळी फीत. दुकानांबाहेर रांगा आहेत आणि लोक दोन-दोन, पाच-पाच प्रती घेतायत: एक वाचायला, बाकीच्या मुलांच्या कॉलेजसाठी. आदल्या वर्षी ‘एक्स-मेन’चा एक अंक ८० लाखांच्या आसपास खपला होता. सगळे जपणार, कोणीच फाडणार नाही, म्हणून उद्या सगळ्यांकडेच असणार. रांगेतल्या कोणाच्या कानात तुम्ही हे सांगू शकला असता तरी त्याने ऐकलं नसतं. काही वर्षांत बाजार कोसळला, हजारो दुकानं बंद झाली, डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हलनेच दिवाळखोरी जाहीर केली. ती बंद काळी पिशवी आजही स्वस्तात मिळते.

मग फ्लोरिडातलं सारासोटा. इथली एक कंपनी २००० सालापासून कॉमिक्सना गुण देते, नाव सीजीसी. टेबलाशी बसा. समोर कोणाचा तरी ‘ॲक्शन’चा पहिला अंक आलाय. तपासणारा आधी पानं मोजतो. एकेक पान, सावकाश. तुम्हाला क्लीव्हलंडचं ते रंग न भरलेलं पान आठवतं. ते आहे की कोणा मुलाने रंगवून पाठवून दिलं? पान नसेल तर अंक तिथेच खालच्या पायरीवर उतरतो. नंतर पाठ: टाचणीभोवती ताण पडून उमटलेल्या पांढऱ्या रेघा, पाठ एका बाजूला कललीय का, टाचण्या मूळच्याच आहेत का. मग कोपरे, कडा, पानांचा रंग. पांढरा, मळकट पांढरा, सायीसारखा, तपकिरी, ठिसूळ. शेवटी अंक खास उजेडाखाली धरला जातो आणि मुखपृष्ठावरच्या काळ्या भागात कोणी शाई भरली असेल तर ती वेगळी उठून दिसते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे अजून घरोघर हे घडतं. अंक फाटला तर चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कागदात मुरतो, डाग तपकिरी होतो आणि पट्टी सुटली तरी डाग राहतो. रंग उडाला तर भरू नका, कड वाकडी असेल तर कापू नका. डागडुजी केलेल्या प्रतीला सीजीसी जांभळं लेबल लावते, मूळ स्थितीतल्या प्रतीला निळं, आणि या दोन रंगांमधे लाखो डॉलरचं अंतर पडतं. जसा आहे तसा जीर्ण अंक हा सजवलेल्या अंकापेक्षा खरा मानला जातो. बाजाराच्या इतर कितीतरी गोष्टींशी माझं जमत नाही, या एका गोष्टीशी मी पूर्ण सहमत आहे.

गुण ०.५ ते १०. वेस्ट व्हर्जिनियाच्या पेटीतल्या प्रतीला ९.० मिळाले होते. एप्रिल २०२४मध्ये ८.५ गुणांची दुसरी एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. गुण मिळाले की अंक कठीण प्लास्टिकच्या पेटीत बंद होतो. मुखपृष्ठ दिसतं, मलपृष्ठ दिसतं. आतला झटारा पुन्हा कोणालाही दिसत नाही. संरक्षण म्हणून ते योग्य असेल, पण वाचायला केलेली वस्तू वाचता न येण्याजोगी होणं मला सलतं.

एक मुक्काम उरलाय. २०१३, मिनेसोटा राज्यातलं एल्बो लेक. एका माणसाने दुरुस्ती करून विकायच्या इराद्याने १०,१०० डॉलरला मोडकळीला आलेलं घर घेतलंय आणि तो भिंत फोडतोय. थंडीपासून बचाव म्हणून भिंतीत कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं धुळीसकट बाहेर पडतायत. त्या कागदांत तुम्हाला आधी हिरवा रंग दिसतो, मग मोटारीचं चाक. कोणीतरी १९३८मध्ये दहा सेंट देऊन घेतलेला अंक वाचून झाल्यावर भिंतीत भरला, आणि तिथे तो युद्धाच्या कागदमोहिमेतून वाचला, होळ्यांतून वाचला, रद्दीतून वाचला. बायकोच्या नातेवाइकांनी तो पाहायला घेतला, ओढाताण झाली आणि मागचं पान फाटलं. अंकाला १.५ गुण पडले. त्या फाटण्याने सुमारे ७५,००० डॉलरचं नुकसान झालं असा जाणकारांचा अंदाज होता. तरीही जूनमध्ये, फाटक्या पानासकट, तो अंक घराच्या किमतीच्या सतरा पटींहून जास्त भावाला, १,७५,००० डॉलरला विकला गेला.